यंत्र आले, पण आकडा कोणी लिहिला?

एखादी नगरपालिका नवे यंत्र विकत घेते तेव्हा वर्तमानपत्रात छायाचित्र येते. यंत्राला झेंडूचा हार असतो, नारळ फुटलेला असतो, नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी हसत उभे असतात. खाली किंमत छापलेली असते. सहा महिन्यांनी ते यंत्र कोठे आहे, किती दिवस चालले, त्यावर कोण काम करतो, आणि ज्या वस्तीच्या नावाने ते आणले त्या वस्तीत ते एकदा तरी शिरले का, याचे छायाचित्र कोणी काढीत नाही.

सरकारी खरेदीचा व्यवहार आपल्याला परका वाटतो. निविदा, दरपत्रक, तांत्रिक तपशील, देयक हे सारे कचेरीतले शब्द. कार्यकर्ता मोर्चा काढतो, निवेदन देतो, 'यंत्र आणा' अशी मागणी करतो. मागणी मान्य झाली की लढा जिंकला असे आपण मानतो आणि घरी जातो. खरे पाहता त्याच दिवशी दुसरा लढा सुरू व्हावयास हवा. कोणते यंत्र घ्यायचे, किती घ्यायची, कोणाला विचारून घ्यायची, आणि ती चालतात की नाही हे कोणी मोजायचे? हा लढा घोषणांनी लढता येत नाही. त्याला आकडे लागतात.

आकड्यांविषयी आपल्या मनात एक अढी आहे आणि ती निराधार नाही. कागदावरच्या आकड्यांनी आजवर आपल्या बाजूने क्वचितच साक्ष दिली. परंतु म्हणून आकडे सोडून देणे म्हणजे साक्षीदार फितूर निघाला म्हणून खटलाच सोडून देण्यासारखे आहे. प्रस्तुत लेखात तीन ठिकाणचा अनुभव तपासावयाचा आहे. पहिला अमेरिकन सरकारच्या संगणक खरेदीचा, दुसरा आपल्या रेशन दुकानातील अंगठ्याच्या यंत्राचा, आणि तिसरा गटारसफाईच्या यंत्राचा. देश वेगळे, यंत्रे वेगळी. पण तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे. आकडा कोण लिहितो, आणि तो कोणाला वाचता येतो?

१. मोजमाप वहीत न मावणारी वस्तू

सरकार रस्ता बांधते तेव्हा अभियंत्याजवळ मोजमाप वही असते. लांबी, रुंदी, खडीचा थर यांची नोंद त्या वहीत झाल्याशिवाय कंत्राटदाराचे देयक निघत नाही, असा नियम आहे. नियम पाळला जातो की नाही हा प्रश्न वेगळा. पण निदान काय मोजायचे हे सर्वांना ठाऊक असते. रस्ता खचला तर तो शाळकरी मुलालाही दिसतो.

तंत्रज्ञानाची खरेदी अशी नसते. संगणकप्रणालीची लांबी-रुंदी काय मोजणार? किती यंत्रे आली, किती पडदे तयार झाले, किती कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले, असे आकडे देयकाला जोडले जातात. ते खोटे नसतात. पण त्यांवरून एवढेच कळते की विक्रेत्याने माल पोचवला. ज्या कामासाठी माल घेतला ते काम झाले का, हे त्यांतून कळत नाही.

त्यात आणखी दोन अडचणी आहेत. एक म्हणजे सर्वांत कमी दराच्या निविदेची रीत. खुर्च्या घेताना ती ठीक आहे, कारण खुर्ची घेतल्यावर खर्च संपतो. यंत्राचा खर्च मात्र ते घेतल्यावर सुरू होतो. दुरुस्ती, सुटे भाग, इंधन, चालकाचा पगार, वार्षिक देखभालीचा करार हे सारे पुढे येते. पहिल्या दिवशी स्वस्त पडलेले यंत्र पाच वर्षांत महाग पडू शकते. दुसरी अडचण अशी की एकदा खात्याचा सारा कारभार एका विक्रेत्याच्या प्रणालीवर चढला की तिथून उतरणे कठीण होते. मग पुढची निविदा नावालाच उरते.

या दोन्हींच्या मुळाशी तिसरी गोष्ट आहे. जो खरेदी करतो तो ती वस्तू वापरीत नाही. रेशनचे यंत्र निवडणारा अधिकारी रेशनच्या रांगेत उभा राहत नाही. आपण बाजारात भाजी घेतो तेव्हा सडकी निघाली तर दुसऱ्या दिवशी दुकान बदलतो. सरकारी खरेदीत सडकी भाजी एकाच्या ताटात येते आणि दुकान निवडतो दुसराच. या दोघांमधली तूट भरून काढण्याचे काम आकड्यांचे आहे.

२. लाल, पिवळा आणि हिरवा

आता अमेरिकेकडे वळू. अमेरिकेची एफ. बी. आय. ही तपाससंस्था गुन्ह्यांच्या नोंदी कागदावर ठेवीत असे. त्या संगणकावर आणण्यासाठी २००१ साली एक प्रणाली करावयास घेतली. काय हवे हे आधी नीट ठरले नव्हते, काम सुरू असताना मागण्या बदलत राहिल्या, आणि २००५ साली ती प्रणाली वापरात न येताच सोडून द्यावी लागली. सुमारे १७ कोटी डॉलर त्यात गेले. श्रीमंत देशाचे सरकारही यंत्र घेताना फसते, एवढे यातून स्पष्ट व्हावे.

अमेरिकेचे केंद्र सरकार त्या काळात माहिती-तंत्रज्ञानावर वर्षाला सात-आठ हजार कोटी डॉलर खर्च करीत होते. २००९ साली विवेक कुंद्रा या दिल्लीत जन्मलेल्या गृहस्थांची सरकारचे पहिले मुख्य माहिती-अधिकारी म्हणून नेमणूक झाली. त्यांनी त्याच वर्षी जून महिन्यात एक जाहीर फलक सुरू केला. सरकारची सारी मोठी संगणककामे त्यावर मांडली होती. प्रत्येक कामाचा ठरलेला खर्च आणि झालेला खर्च, ठरलेली मुदत आणि लागलेला वेळ, आणि खात्याच्या जबाबदार अधिकाऱ्याचे त्या कामाविषयीचे मत, असे तीन आकडे. काम ठीक असेल तर हिरवा रंग, काळजीचे असेल तर पिवळा, धोक्यात असेल तर लाल. शेजारी त्या अधिकाऱ्याचे छायाचित्र. हा फलक कोणत्याही नागरिकाला पाहता येत होता.

परिणाम लवकर दिसला. निवृत्त सैनिकांच्या खात्याने जुलै २००९ मध्ये मुदत किंवा खर्च ओलांडलेली ४५ कामे थांबवली. त्यांची तपासणी झाली आणि पुढे १२ कामे कायमची बंद केली. २०१० च्या जानेवारीपासून लाल रंगाच्या कामांवर समोरासमोर बैठका घेण्याची पद्धत सुरू झाली. चालू काम मध्येच थांबवणे ही सरकारी कारभारात दुर्मीळ गोष्ट आहे. झालेला खर्च वाया गेला हे कबूल करण्यापेक्षा आणखी खर्च करणे अधिकाऱ्याला सोयीचे वाटते. उघड आकड्यांनी ही सोय काढून घेतली, हे या फलकाचे श्रेय मानले पाहिजे.

पण गोष्ट येथे संपत नाही. रंग कोण भरत होते? ज्या खात्याने खरेदी केली तेच खाते. अमेरिकन संसदेच्या वतीने हिशेब तपासणारी जी. ए. ओ. नावाची स्वतंत्र संस्था आहे. तिने या फलकावरील आकड्यांची पडताळणी केली तेव्हा त्यांत पुन्हा पुन्हा चुका सापडल्या. ऑक्टोबर २०१२ च्या तिच्या अहवालात एक नोंद फार बोलकी आहे. संरक्षण खात्याने आपल्या एकाही कामाला धोक्याचा रंग दिलेला नव्हता. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्या खात्याच्या हवाई दलाने २००५ पासून चालवलेली सामानपुरवठ्याची एक प्रचंड संगणकप्रणाली रद्द केली. तोवर तिच्यावर १०० कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला होता. ज्या खात्यात धोका कोठेच नव्हता त्या खात्यात १०० कोटी बुडाले.

यात आपल्याला नवल वाटू नये. गुणपत्रिका विद्यार्थ्यानेच भरावयाची असेल तर नापास कोण होणार? आकडे जाहीर करणे ही पहिली पायरी झाली. ते आकडे दुसऱ्या कोणी तपासणे ही दुसरी पायरी, आणि तिच्यावाचून पहिली पायरी हवेत लोंबकळते. पुढे डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेने या खरेदीसाठी नवा कायदा केला. २०१५ च्या नोव्हेंबरपासून संसदेची समिती प्रत्येक खात्याला शाळेसारखी श्रेणी देऊ लागली. खाते स्वतःला काय समजते याबरोबर बाहेरचा माणूस त्याला काय समजतो हेही नोंदले जाऊ लागले.

आपल्याकडे हे बाहेरच्या माणसाचे काम घटनेने महालेखापरीक्षकाकडे दिले आहे. ३० मे १९४९ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या अधिकाऱ्याला घटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटले होते. प्रांतिक अर्थव्यवस्थेवर आणि रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाला हे सांगण्याचा अधिकार होता. मात्र लेखापरीक्षण हे बहुतेक वेळा शवविच्छेदन असते. पैसा गेल्यावर तो कसा गेला हे ते सांगते. पैसा जात असताना हात धरावयाचा तर आकडे आधीच हाती असावे लागतात.

३. पहिल्या दिवशी सहा माणसे

अमेरिकेचा आणखी एक प्रसंग सांगण्यासारखा आहे, कारण त्यात योग्य आकडा म्हणजे काय हे समजते. आरोग्य विमा नसलेल्या लोकांना तो घेता यावा म्हणून सरकारने १ ऑक्टोबर २०१३ रोजी एक संकेतस्थळ सुरू केले. पहिल्या दिवशी लाखो लोक तेथे गेले. नोंदणी पूर्ण झाली ती सहा जणांची.

सहा! या यंत्रणेच्या मुख्य कंत्राटाची रक्कम सप्टेंबर २०११ मध्ये ५.६ कोटी डॉलर होती. फेब्रुवारी २०१४ पर्यंत ती २०.९ कोटींवर गेली. कंत्राट अशा प्रकारचे होते की कंत्राटदाराचा झालेला खर्च सरकारने भरावयाचा आणि वर ठरलेला नफा द्यावयाचा. काम लांबले तर तोटा सरकारचा. जी. ए. ओ.च्या हिशेबाप्रमाणे मार्च २०१४ पर्यंत संकेतस्थळ आणि त्याच्या साहाय्यक यंत्रणा मिळून सुमारे ८४ कोटी डॉलरची कंत्राटे दिली गेली होती.

दुरुस्तीसाठी जी मंडळी बोलावली त्यांना पहिला धक्का असा बसला की संकेतस्थळ या क्षणी चालू आहे की बंद, हे एका जागी दाखवणारा फलकच तिथे नव्हता. म्हणून त्यांनी प्रथम मोजणी सुरू केली. चोवीस तासांपैकी किती वेळ संकेतस्थळ चालू असते? एक पान उघडायला किती सेकंद लागतात? शंभर वेळा प्रयत्न केला तर किती वेळा चूक दाखवते? असे साधे प्रश्न होते. सरकारने १ डिसेंबरला जाहीर केलेल्या आकड्यांप्रमाणे पान उघडण्याचा वेळ आठ सेकंदांवरून एक सेकंदाच्या आत आला होता, आणि चुकांचे प्रमाण सहा टक्क्यांवरून एक टक्क्याच्या खाली आले होते. दोन वर्षांत जे जमले नाही ते दोन महिन्यांत जमू लागले.

हे तीन प्रश्न पुन्हा वाचून पाहावेत. त्यांत 'किती खर्च झाला' हे नाही, 'किती माल आला' हे नाही. तिन्ही प्रश्न पलीकडे बसलेल्या, विमा घेऊ पाहणाऱ्या माणसाच्या बाजूने विचारलेले आहेत. योग्य आकडा तो, जो वापरणाऱ्याच्या जागी उभे राहून मोजलेला असतो.

४. अंगठा कोणाचा उमटत नाही

हेच सूत्र घेऊन आपल्या रेशन दुकानात येऊ. तिथे अंगठा लावण्याचे यंत्र आले ते चोरी थांबवण्यासाठी. हेतू चांगला होता. रेशनच्या धान्याला वाटेत पाय फुटतात हे आपल्या लोकांइतके कोणाला ठाऊक असणार? पण यंत्राने काम केले की नाही हे मोजताना आधी काय मोजले गेले? किती दुकानांत यंत्रे बसली, किती शिधापत्रिका आधारशी जोडल्या, किती व्यवहार झाले.

रांगेतल्या माणसाच्या बाजूने पाहिले तर वेगळाच आकडा निघतो. केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीतच तो छापलेला आहे. ओळख न पटण्याचे प्रमाण झारखंडमध्ये ४९ टक्के, राजस्थानात ३७ टक्के, गुजरातेत ६ टक्के आणि आंध्रच्या कृष्णा जिल्ह्यात ५ टक्के असे तिथे दिले आहे. एका ठिकाणी वीस प्रयत्नांत एक फसतो, दुसऱ्या ठिकाणी दोनांत एक फसतो, यावरून काय समजावे? दोष केवळ यंत्रात नाही. गावात तारांचे जाळे आणि मोबाइलची लहर आहे का, याद्या नीट जोडल्या आहेत का, यंत्र बिघडले तर दुसरी वाट ठेवली आहे का, यांवर सारे अवलंबून असते. म्हणजे हे आकडे खरेदीच्या आधी, जिल्ह्याजिल्ह्याने गोळा करावयाचे होते. आणि बोटे कोणाची झिजतात? विटा उचलणाऱ्याची, भात लावणारीची, भांडी घासणारीची, म्हाताऱ्याची. सरकारी कचेरीत बसून यंत्राची परीक्षा घेतली तर सगळे अंगठे स्वच्छ उमटतात.

झारखंडमध्ये कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर या अर्थतज्ज्ञांनी दहा जिल्ह्यांत याचा पद्धतशीर अभ्यास केला. चिठ्ठी टाकावी तसे काही प्रखंड निवडून तिथे यंत्र आधी सुरू झाले, काही प्रखंडांत नंतर, आणि दोहोंची तुलना केली. २०२० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा. केवळ अंगठा सक्तीचा केल्याने गळती मोजण्याइतकी कमी झाली नाही. मात्र ज्या २३ टक्के कुटुंबांचा आधार क्रमांक आधी जोडलेला नव्हता, त्यांना मिळणारे धान्य सरासरी १० टक्क्यांनी घटले. चोर पकडावयास आणलेल्या यंत्राने गरिबाचे पोते हलके केले.

येथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्यावी. हा दुसरा आकडा यंत्राच्या नोंदीतून कधीच निघाला नसता. ज्याचे नावच यादीतून गेले तो यंत्रासमोर उभा राहत नाही. त्याच्या नावावर अपयशाचीही नोंद होत नाही. यंत्र फक्त त्यांनाच मोजते जे यंत्रापर्यंत पोचतात. न पोचलेल्यांना मोजण्यासाठी त्यांच्या दारात जावे लागते, आणि ही मोजणी विक्रेता करीत नाही.

ती फार खर्चाची असते असेही नाही. तेलंगणात २०१८ साली रयतू बंधू योजनेखाली शेतकऱ्यांना धनादेश वाटले गेले. तेव्हा हजारो शेतकऱ्यांना दूरध्वनी करून विचारले गेले की धनादेश मिळाला का, केव्हा मिळाला, त्रास झाला का. काही भागांतल्या अधिकाऱ्यांना आधीच सांगून ठेवले होते की तुमच्या कामाविषयी लोकांना विचारले जाणार आहे. त्या भागांत वाटप थोडे पण निश्चित सुधारले, आणि सर्वांत कमी जमीन असलेल्यांत ते अधिक सुधारले. कोणी तरी विचारणार आहे एवढ्या जाणिवेनेही कचेरी हलते.

५. गटार, यंत्र आणि शून्य

आता तिसरे उदाहरण. ते सांगताना शब्द जड होतात, कारण येथे चुकीच्या खरेदीची किंमत रुपयांत मोजली जात नाही.

हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा ६ डिसेंबर २०१३ रोजी अमलात आला. त्याच्या ३३ व्या कलमाने प्रत्येक स्थानिक संस्थेवर एक कर्तव्य घातले आहे. गटारे आणि सेप्टिक टँक साफ करण्यासाठी तिने योग्य यंत्रसामग्री वापरली पाहिजे. म्हणजे यंत्राची खरेदी येथे नगरपालिकेच्या मर्जीची बाब राहिलेली नाही. ती कायद्याने सांगितलेली बाब आहे. मग किती यंत्रे, कोणती, कोठे, हे ठरवण्यासाठी मूळ आकडा कोणता? किती माणसे आजही गटारात उतरतात आणि किती मरतात, हा.

२०२१ साली केंद्र सरकारने संसदेत सांगितले की हाताने मैला साफ करण्यामुळे मृत्यू झाल्याची एकही नोंद नाही. त्याच वेळी सांगितले की गटारे आणि सेप्टिक टँक साफ करताना ९४१ माणसे मेली. दोन्ही वाक्ये एकाच सरकारची. हे कसे शक्य झाले? कायद्यात 'हाताने मैला साफ करणारा' आणि 'धोकादायक सफाई' अशा दोन वेगळ्या व्याख्या आहेत. गटारात गुदमरलेल्याला दुसऱ्या रकान्यात घातले की पहिल्या रकान्यात शून्य उरते. आकड्यांचे राजकारण बेरजेत नसते, रकान्यात असते. रकाना आखणाऱ्याच्या हातात निम्मा निकाल असतो.

पुढे सरकारने 'नमस्ते' योजनेखाली गटार आणि सेप्टिक टँकच्या कामगारांची नोंद सुरू केली. २०२४ मध्ये बाहेर आलेल्या माहितीप्रमाणे नोंदलेल्या सुमारे ३८ हजार कामगारांपैकी जवळजवळ ६९ टक्के अनुसूचित जातींचे होते. हा आकडा आपल्याला सांगावा लागत नाही; पण सरकारी कागदावर तो आला हे महत्त्वाचे.

त्याहून उपयोगी आकडे एका सामाजिक लेखापरीक्षणात आहेत. २०२२ आणि २०२३ मध्ये अशा १५० मृत्यूंची नोंद झाली. त्यांतल्या ५४ मृत्यूंची आठ राज्यांतील १७ जिल्ह्यांत जाऊन तपासणी करण्यात आली, आणि तिची माहिती जुलै २०२५ मध्ये संसदेत आली. ५४ पैकी ४९ जणांच्या अंगावर संरक्षणाचे कोणतेही साधन नव्हते. ४७ ठिकाणी सफाईचे यंत्र दिलेले नव्हते. आणि ५४ पैकी ३८ जणांना कोणी तरी खाजगीरीत्या, एकट्यादुकट्याला बोलावून कामाला लावले होते. सरकारी पगारावर होते ते केवळ पाच.

खरेदीचा विचार करणाऱ्याने या शेवटच्या आकड्यापाशी थांबले पाहिजे. नगरपालिका एक महागडे यंत्र घेते आणि आपल्या आवारात उभे करते. तिच्या पगारावरचा कामगार कदाचित वाचतो. पण मरतो आहे तो नाक्यावरून बोलावून आणलेला माणूस. त्याला बोलावणारा घरमालक किंवा सोसायटी नगरपालिकेच्या यंत्राची वाट पाहत नाही. त्याला ते मागवायचे कसे आणि पैसे किती हेच ठाऊक नसते, किंवा नाक्यावरचा माणूस त्याहून स्वस्त पडतो. तेव्हा येथे केवळ यंत्र घेऊन भागणार नाही. एका दूरध्वनीवर, ठरलेल्या वेळात, माणूस उतरवण्यापेक्षा स्वस्त दरात यंत्र दारात येईल अशी सेवा उभी करावी लागेल. निविदा यंत्राची न काढता या सेवेची काढावी लागेल, आणि देयकही यंत्र आले म्हणून नव्हे, तर हाक आल्यावर ते किती वेळा वेळेवर पोचले यावर द्यावे लागेल. ५४ मृत्यूंच्या तपासणीने खरेदीचा सारा आराखडा बदलतो तो असा.

आणखी काही साधी मोजमापे आहेत. गल्लीची रुंदी किती? सेप्टिक टँक रस्त्यापासून किती फूट आत? सक्शन गाडीचा पाइप तेवढा लांब आहे का? दिल्लीत फेब्रुवारी २०१९ मध्ये गटारसफाईची २०० छोटी यंत्रे आणली गेली ती अरुंद गल्ल्यांत शिरावीत म्हणून. मोठी गाडी ज्या गल्लीत शिरत नाही त्या गल्लीत माणूसच उतरतो, आणि अशा गल्ल्या कोणाच्या वस्तीत असतात हे वेगळे सांगावयास नको. गल्ली मोजायला तज्ज्ञ लागत नाही. दोरी आणि वही पुरते.

६. आपण काय करावे

या विवेचनातून कार्यकर्त्याने, शिक्षकाने आणि विद्यार्थ्याने हाती घ्यावेत असे काही प्रश्न निघतात. कोणतीही सरकारी यंत्रखरेदी समोर आली की ते विचारावेत.

पहिला : खरेदीपूर्वी गरज कोणी मोजली? वापरणाऱ्याला आणि त्यावर काम करणाऱ्याला विचारले का? दुसरा : पाच वर्षांचा एकूण खर्च किती, की केवळ पहिल्या दिवसाची किंमत पाहिली? तिसरा : यंत्र चालते याचे मोजमाप काय, आणि ते वापरणाऱ्याच्या बाजूचे आहे की विक्रेत्याच्या? चौथा : तो आकडा कोण लिहितो, आणि त्याच्याखेरीज दुसरा कोणी तपासतो का? पाचवा, आणि सर्वांत महत्त्वाचा : जे यंत्रापर्यंत पोचलेच नाहीत त्यांची मोजणी कोण करतो?

उत्तरे मिळवण्याची साधने आपल्याजवळ आहेत. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने कागदाची नक्कल मागण्याचा हक्क दिला आहे, तसाच कामाची आणि नोंदींची प्रत्यक्ष पाहणी करण्याचाही दिला आहे. निविदेचा तपशील, देखभालीचा करार, यंत्राची रोजची नोंदवही, इंधनाची देयके यांची पाहणी मागावी. नोंदवहीत यंत्र रोज चालल्याचे दिसते आणि इंधनाचे देयक मात्र महिन्यातून दोनदाच, असे आढळले तर त्या दोन कागदांची साक्ष कोणत्याही भाषणापेक्षा भारी ठरते. अर्ज मात्र नेमका लिहावा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि थोडक्यात मजकूर अपेक्षित आहे. केंद्राने २०१६ पासून सुरू केलेल्या 'जेम' या सरकारी बाजारपेठेवर वस्तूंचे दरही पाहता येतात. दर कळला म्हणजे उपयोग कळला असे नव्हे. पण तुलनेला तो एक आधार आहे.

अध्यापकांना एक सुचवावेसे वाटते. समाजशास्त्राच्या, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प द्यावा लागतोच. पाच जणांच्या गटाने आपल्या गावातले एकच सरकारी यंत्र निवडावे. रेशनचे यंत्र, शाळेतला संगणक, दवाखान्यातले क्ष-किरण यंत्र, नगरपालिकेची सक्शन गाडी, काहीही. महिनाभर ते किती दिवस चालले, कोण आले, कोण परत गेले, का परत गेले, एवढेच लिहावे. अशी एक वही म्हणजे त्या गावाची मोजमाप वही होईल.

आपल्या लोकांना आजवर मोजले गेले ते बहुधा दुसऱ्यांच्या रकान्यांत. खानेसुमारीत, दारिद्र्यरेषेच्या यादीत, शून्याच्या खाली. यंत्रांच्या या काळात ही मोजणी अधिक वेगाने आणि अधिक दुरून होणार आहे. तिला नकार देऊन चालणार नाही. तिच्यात आपला रकाना आपण आखला पाहिजे. नगरपालिकेच्या यंत्राला पुढच्या वेळी हार घातला जाईल तेव्हा त्या गर्दीत वही घेतलेला एक माणूस आपला असावा, आणि सहा महिन्यांनी तो पुन्हा तिथे जावा.